माया किती सोडलीस?

आईचा फोनवरचा पहिला प्रश्न नेहमी हाच. किती मीटर लागलं, रंग कुठला, कुणासाठी शिवतेयस, हे सगळं नंतर. आधी, "माया किती सोडलीस?"

ज्यांनी आयुष्यात कधी मशीनवर बसून टीप मारलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, शिवणीच्या रेषेबाहेर जे जास्तीचं कापड मुद्दाम ठेवतात ना, आत दुमडून जाणारं, कुणाला न दिसणारं, ती माया. उद्या अंग भरलं तर उसवायचं आणि तेवढं सैल करायचं. बाकीच्या भाषांमध्ये याला काहीतरी हिशेबी शब्द असतात, आपण सरळ माया म्हणून मोकळे झालो.

मी म्हटलं, दीड सेंटीमीटर. ती जरा गप्प बसली आणि म्हणाली, "एवढ्याशाने काय होतंय गं."

मी म्हटलं आई, पॅटर्नमध्ये तेवढीच असते, सगळे तेवढीच ठेवतात, तुझ्या काळातलं परकर-पोलकं नाहीये हे. हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

तर मी शिवत होते तो गाऊन. 'द फँटम ऑफ द ऑपेरा' या म्युझिकलचा दुसरा अंक सुरू होतो तो एका मुखवट्यांच्या नाचाने. पॅरिसच्या ऑपेरा हाऊसचा तो अवाढव्य जिना, त्यावर गच्च गर्दी, प्रत्येकाचं सोंग वेगळं, एक जण तर माकडाच्या वेषात झांजा घेऊन, आणि त्या सगळ्यात नायिका क्रिस्टीन येते ती चांदण्यांच्या राजकन्येचं सोंग घेऊन. कॉस्प्ले करणारे, म्हणजे नाटक-सिनेमातल्या पात्रांचे पोशाख हुबेहूब करून घालणारे लोक त्या पोशाखाला स्टार प्रिन्सेस म्हणतात. बॅले नाचणाऱ्या मुलींसारखा फुललेला घेर, पण जमिनीपर्यंत नाही, पोटऱ्यांवर येऊन थांबणारा, थरावर थर जाळीचे, गुलाबी आणि निळ्याच्या मधे कुठेतरी घुटमळणारा रंग, अंगाला घट्ट चोळी आणि तिच्यावर खच्चून मणी-टिकल्या, आणि डोक्यावर चांदण्या. (सिनेमा पाहिलेले लोक लगेच म्हणतात, तिथे तर साधा गुलाबी होता! हो, 2004 च्या सिनेमात तो प्रसंग वेगळ्या कपड्यांत आहे, तो गाऊन वेगळा, त्याचे कपडे करणारी बाई वेगळी. मला तो नको होता. हे मी आता इतक्या वेळा सांगितलंय की गळ्यात पाटी अडकवावी.)

रंगमंचावरचे कपडे आणि नेपथ्य दोन्ही मारिया ब्योर्नसन या एकाच बाईचं. 9 ऑक्टोबर 1986 ला लंडनला पहिला प्रयोग झाला, 1988 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं आणि त्या वर्षी तिला नेपथ्याचं आणि वेशभूषेचं अशी दोन्ही टोनी बक्षिसं मिळाली. हे दोन्ही एकाच डोक्यातून आलंय हे मला गाऊन शिवायला घेतल्यावर कळलं, आधी नुसती माहिती होती. म्हणजे बघा, त्या जिन्यावरची गर्दी आहे ना, त्यातली बरीच माणसं माणसंच नाहीत. कपडे घातलेले पुतळे आहेत, खऱ्या नटांच्या मधेमधे उभे केलेले. आपल्याला खाली खुर्चीत बसून कळत नाही. जिला हे माहितीय की अमुक अंतरावरून डोळा पुतळ्यालाही माणूस समजतो, ती गाऊनचा रंगही त्याच हिशेबाने ठरवणार ना. मी मात्र बसले होते फोटो मोठे करकरून टाके मोजत.

मोठे करकरून म्हणजे खरंच. 2011 मध्ये 25 वर्षं झाली म्हणून रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जो प्रयोग झाला त्याचं चित्रण आहे, ते मी थांबवत थांबवत किती वेळा पाहिलं याला गणती नाही. वहीत पानंच्या पानं भरली. कुठल्या थरावर किती चांदण्या, चोळीच्या मधल्या तुकड्यावरची नक्षी खाली टोकदार की गोल, बाहीचं काय. आणि मग दुसऱ्या कुठल्यातरी देशातल्या प्रयोगाचा फोटो समोर यायचा आणि सगळं वेगळं! इथे निळा जास्त, तिथे गुलाबी जास्त, एकीच्या चोळीवर रुपेरी काम तर दुसरीच्या सोनेरी. मला आधी राग यायचा. खरा कुठला ते एकदा सांगा ना बाबांनो.

खरा असा नाहीच. हे पचवायला मला सहा महिने लागले. ब्रॉडवेला अगदी सुरुवातीपासून क्रिस्टीनचं काम करणाऱ्या दोघी, आठवड्याच्या आठ प्रयोगांपैकी सहा एकीचे आणि दोन दुसरीचे, म्हणजे पहिल्याच दिवशी तो गाऊन एकच असणं शक्य नव्हतं. तिथे हे नाटक बंद झालं 16 एप्रिल 2023 ला, 13,981 प्रयोग करून. विचार करा, पस्तीस वर्षं. घामाने कुठली चोळी टिकेल? जाळी विरते, टिकल्या गळतात, नटी बदलते, तीच जाळी बाजारात मिळेनाशी होते. ब्योर्नसन 2002 मध्येच गेली, तरी गाऊन शिवले जातच राहिले, तिच्या चित्रांवरून आणि आधीच्या गाऊनवरून. म्हणजे मी ज्याला ओरिजिनल म्हणून भिंगातून बघत होते तीसुद्धा कुणीतरी केलेली नक्कलच होती, फक्त पगार घेऊन केलेली.

त्याने मला एकदम मोकळं वाटलं हे खरं. पण वही मी फेकली नाही.

आता रंगाचं सांगते, कारण त्यात माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. फोटोत तो घेर जांभळट दिसतो, म्हणून मी आधी सरळ जांभळी जाळी घेतली, एकाच रंगाची, पाच थर. दिसलं काय, तर वाढदिवसाच्या केकवरचं क्रीम. मेलेला, सपाट रंग. मग लक्षात आलं की जांभळा तिथे नाहीचे. खाली निळा थर आहे, वर गुलाबी, मधे दोन्हींच्या फिकट छटा, आणि जाळीला भोकं असतात म्हणून वरच्यातून खालचा डोकावतो, आणि जांभळा तयार होतो तो आपल्या डोळ्यात, लांबून. ती उभी असते तेव्हा जांभळट, आणि गिरकी घेतली की थर सुटे होतात आणि एकदम गुलाबी वेगळा, निळा वेगळा. हे मला फोटोत कधीच दिसलं नसतं, कारण फोटोत कुणी गिरकी पूर्ण करत नाही.

मग जाळी घरी रंगवायची ठरवली. इथे एक फटका बसला तो सांगून टाकते म्हणजे कुणाचं तरी वाचेल. ही जाळी, म्हणजे नेट, नायलॉनची असते तशी पॉलिएस्टरचीही असते, हाताला दोन्ही सारख्याच लागू शकतात. नायलॉन ॲसिड डाय पकडतो, म्हणजे गरम पाण्यात रंग आणि व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड घालून. पॉलिएस्टर तो रंग पकडतच नाही, त्याला डिस्पर्स डाय लागतो आणि उष्णताही जास्त. मी आठ मीटर नेट पातेल्यात ढवळली तासभर, मस्त निळी झाली, नळाखाली धरली आणि सगळा निळा डोळ्यांदेखत मोरीत वाहून गेला, हातात पांढरी जाळी. विकणाऱ्याने नायलॉन सांगितलं होतं. आता त्याला तरी काय माहीत असणार म्हणा. तेव्हापासून हातरुमालाएवढा तुकडा आधी रंगवून धुऊन बघते, मगच बाकीची.

नायलॉन मिळाल्यावरही मजा होतीच. जाळी गरम पाण्यात कोंबली की चुरगळते आणि गार झाली की त्या चुण्या कायमच्या बसतात, इस्त्री फार गरम केली तर वितळते. मोठ्यात मोठं भांडं, पाणी खूप, जाळी थोडी, सतत हलवत राहायचं. पाच थर, अठ्ठावीस मीटर, चार रविवार. बोटं निळी घेऊन मी ऑफिसला गेले. मीटिंगमध्ये कुणी काही विचारलं नाही, पण बघत सगळे होते.

आणि हे सगळं करून फोनने फोटो काढला तर घेरावर पाण्यासारख्या लाटा! जाळीवर जाळी आली की तिच्या रेघांचा आणि कॅमेऱ्याच्या ठिपक्यांचा असा काहीतरी घोळ होतो. म्हणजे ज्या गाऊनचे मी दोन वर्षं फोटो बघत होते त्याचा फोटो नीट येतच नाही. बरं.

चांदण्यांबद्दल फार नाही सांगत. तीन आकारांच्या, एकूण एकशे ऐंशी, चमकत्या कापडाच्या, कडा जळू नयेत म्हणून हाताने कापलेल्या. खडे लावायला उग्र वासाचा गोंद लागतो, तो खिडकी उघडी ठेवूनच वापरायचा, नाहीतर डोकं दोन दिवस धरतं. खडे मी एबी घेतले, ऑरोरा बोरिआलिस, म्हणजे वर तेलाच्या तवंगासारखा सप्तरंगी लेप असलेले. हा लेप खडे बनवणाऱ्या स्वारोव्स्कीने दिओर या फॅशनवाल्यांसोबत 1956 मध्ये काढला. त्याची गंमत अशी की एकच खडा गुलाबीवर गुलाबी दिसतो आणि निळ्यावर निळा, दोन रंगांचे खडे घ्यावे लागत नाहीत. कंजूष माणसाला वरदान.

मधेच एक आठवलं म्हणून. चांदणी बनून नाचाला जायचं हे काही 1986 च्या डोक्यातलं खूळ नाही. नाटकाची गोष्ट 1881 च्या पॅरिसमध्ये घडते, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, मार्च 1883 मध्ये, न्यूयॉर्कला व्हँडरबिल्ट घराण्याच्या फॅन्सी ड्रेस नाचाला अ‍ॅलिस व्हँडरबिल्ट चक्क विजेचा दिवा बनून गेली होती. पॅरिसच्या वर्थ या नामांकित शिंप्याकडचा गाऊन, हातात मशाल आणि ती पेटवायला कपड्यांत लपवलेली बॅटरी! तो गाऊन अजून आहे, न्यूयॉर्क शहराच्या म्युझियममध्ये. मला कुणी म्हणालं की एवढ्या मोठ्या बाईने हे काय धंदे, तर मी हा किस्सा सांगते. पटत नाही त्यांना, पण विषय बदलतो.

आता चोळी. आणि माया.

आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना केला होता, शहाण्यासारखा. अंगावर घालून, टाचण्या लावून, कमरेत जरा घेऊन, काखेत जरा सोडून, अगदी हातमोज्यासारखी बसवली. त्यावरून साटीन कापलं. साटीनला मागून कॅनव्हास, आत अस्तर, शिवणींवर पोलादी पट्ट्यांसाठी घरं, आणि मग पुढच्या तुकड्यांवर मणीकाम, चौकटीवर ताणून, आरीने, म्हणजे आकडा असलेल्या सुईने. सात आठवडे रोज रात्री दोन तास. मणी, टिकली, मणी, मणी. नाटकातला तो लांबलचक आलाप ऐकत ऐकत, इतका की शेजारच्या लहान मुलाला पाठ झाला.

तुकडे जोडले. घातली. मागे चार सेंटीमीटर कमी.

आधी वाटलं मीच जाड झाले. वजन केलं, नाही. मांजरपाटाची घातली, बरोब्बर बसली. मग हळूहळू कळलं की मणीकामाने कापड आवळतं. प्रत्येक टाका कापडाला जरासा खेचतो, एका टाक्याचं काही नाही, पण हजारो झाले की तुकडाच लहान होतो. शिवाय थर. एका थराच्या मांजरपाटाचं माप आणि चार थर, पट्ट्या, दुमडी असलेल्या चोळीच्या आतलं माप कसं सारखं असेल? बाहेरून तेवढीच दिसते, आत जागा कमी. हे सगळं शिवणाऱ्यांना माहीत असतं. म्हणूनच मणीकाम आधी करतात, तुकडा ढोबळ कापून, आणि नेमका आकार मग कापतात. म्हणूनच माया ठेवतात.

माझ्याकडे दीड सेंटीमीटर होती. त्यातली एक तर दुमडीतच गेली होती. गाऊन घालून जायचं त्या कार्यक्रमाला बारा दिवस.

आईला फोन केला. ती एकदाही म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. त्याचाच जास्त त्रास झाला. म्हणाली, "मागे नाडी घाल, आत पट्टी लाव, पुढून कोण बघतंय." तेच केलं. हूक काढले, दोन्हीकडे गाळे केले, नाडी ओवली, उघड्या जागेमागे साटीनची पट्टी. आणि घेराचं वजन चोळीवर येऊन ती खाली ओढायला लागली तेव्हा आत कमरेला एक घट्ट रिबन शिवली, जी आधी बांधायची आणि मग वरची चोळी. वजन सगळं त्या रिबनवर. हीसुद्धा जुनी युक्ती आहे, मला आपत्तीत सापडली.

याच भानगडीत मी नाटकवाल्यांचे कपडे आतून कसे असतात ते वाचायला, बघायला लागले. लिलावात निघालेल्या, प्रदर्शनात ठेवलेल्या पोशाखांचे उलटे करून काढलेले फोटो असतात काही. बाहेरून बघण्यापेक्षा ते शंभर पट बरं. शिवणींना भरपूर माया, विशेषतः मागे आणि बाजूला, कारण पुढच्या नटीच्या मापाला तोच कपडा उसवून आणायचा असतो. काखेत घामासाठी वेगळ्या गाद्या, काढून धुता येतील अशा. घाईत कपडे बदलायचे असतात म्हणून बटणं नुसती दाखवायला आणि खाली मोठाले हूक किंवा चापाची बटणं. त्या नाटकात पहिल्या अंकात क्रिस्टीन तालमीच्या कपड्यांत गाणं सुरू करते आणि तेच गाणं चालू असताना पुढच्या क्षणी प्रयोगाच्या झगमगाटात उभी असते, हे हुकांचं काम आहे, गळ्याइतकंच. नाचाच्या प्रसंगात तर फँटम, ऑपेरात लपून राहणारा तो मुखवटेवाला, तिच्या गळ्यातली साखळी हिसकावून घेतो. रोज. म्हणजे ती साखळी रोज सहज निघेल आणि गळ्याला लागणार नाही अशी हवी. माझ्या पहिल्या साखळीला मी असली पक्की कडी लावली होती की मैत्रिणीने फोटोसाठी ओढली तेव्हा मानेवर वळ उठला. आता चुंबक आहे.

आणि आत, मानेशी, नावाची पट्टी. हा गाऊन कुणाचा ते. कधीकधी एकाखाली एक दोन-तीन नावं. शिवणारीचं नसतं, घालणारीचं असतं. यावरून मला 1939 ची गोष्ट आठवते, न्यूयॉर्कला विज्ञानकथावाल्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं तिथे फॉरेस्ट ॲकरमन भविष्यातल्या माणसाचा वेष करून फिरला आणि कॉस्प्लेचा आद्यपुरुष म्हणून नावाजला गेला. ते कपडे शिवले होते मर्टल डग्लसने, जिला सगळे मोरोजो म्हणायचे. ती स्वतःही तसाच वेष करून सोबत आली होती. तिचं नाव मला कितीतरी वर्षांनी कळलं.

कार्यक्रम झाला, छान झाला, त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही. पाय दुखले. फोटोत घेरावर लाटा आल्या. एक पाच-सहा वर्षांची मुलगी मात्र लांबून बघत उभी होती, मी तिच्यासाठी म्हणून गिरकी घेतली तर ओरडली, "आई, बदलला!" चोळी कुणी बघितलीसुद्धा नाही. सात आठवडे.

नंतर मी दुसरी चोळी शिवली. या वेळी मणीकाम आधी, कापणं नंतर, आणि मागे दोन्हीकडे चार-चार सेंटीमीटर. दीड वर्ष ती मीच घातली. मग परवा मावसबहीण म्हणाली, ताई, मला दे ना एकदा, कॉलेजच्या गॅदरिंगला. ती माझ्यापेक्षा आडव्या बांध्याची, उंचीला बुटकी. घेर खाली आला तरी चालतोय, उलट बरा दिसतो. चोळी उसवली, दोन्हीकडे अडीच-अडीच सोडली.

साटीन उसवलं की जुन्या टिपेची भोकं राहतात. सुईने जिथे जिथे टोचलंय तिथे बारीक ठिपका, सगळी रेघ, माझ्या मापाची. इस्त्री केली, ओल्या कापडाने चोळून बघितलं, काही गेली नाहीत. ती आरशासमोर पाठमोरी उभी राहून मान वळवून वळवून बघत होती. "ताई, दिसतंय का गं?" मी मागे सरकत सरकत दारापर्यंत गेले. तिथून नाही दिसत म्हटलं. चार पावलांवरून दिसत होतं.

आत माझ्या नावाच्या पट्टीखाली तिच्या नावाची पट्टी शिवली. तिचं नाव लांबलचक, माझ्याकडची रिबन संपत आलेली, पुरेना. आडनाव दुमडून मायेत गेलं.